चिकूच्या पेट्यांवर उतरलेला तक्ता

मी जर्मन व्याकरणाचा तक्ता बोलतोय. अदितीताईला वाटलं होतं, मला भिंतीवर लावलं की तलासरीच्या नर्सिंग शिकलेल्या मुलींनी खोली भरून जाईल. आल्या पाच. त्यांतल्या चौघींनी मला पाढ्यांसारखं पाठ केलं. पाचवी, योगिता, महिनाभर आली आणि यायचीच थांबली.

ताई जर्मनीत शिकून परतलेली. तिथल्या दवाखान्यांत आपल्या मुली नोकरीला लागाव्यात, हा तिचा ध्यास. तिने मला कार्डशीटवर आखलं. तीन लिंगं आणि अनेकवचन, चार विभक्त्या. झाली सोळा घरं. आपण ‘मोठं झाड’ म्हणतो, पण ‘मोठ्या झाडाला’. विशेषण आणि नाम दोन्ही बदलतात. जर्मनमध्येही असंच, फक्त रूपं जास्त. ती मी सांभाळतो.

परीक्षेचे अर्ज दुसऱ्या दिवशी जायचे होते. “हिला तळमळच नाही,” म्हणत ताईने यादीतलं योगिताचं नाव खोडलं.

त्याच दुपारी चिकूच्या वाडीचे मालक सूर्यकांतशेठ पेटी उचलून वर्गात शिरले. मागे मान खाली घातलेली योगिता.

“मॅडम, हा मार्का कुणाचा? ट्रकचा ड्रायव्हर मला म्हणे, शेठ, ही खूण तुमची नाही, माल दुसऱ्याचा. सोळा पेट्या सोडून गेला!”

पेटीवर खडूने माझंच एक घर लिहिलं होतं. सोळा पेट्या, सोळा घरं.

“ताई, सीझन आहे,” योगिता म्हणाली. “सकाळी वाडीत गेले नाही तर दुसरीला ठेवतील. पेट्या भरता भरता हा तक्ता त्यांवर लिहून म्हणत असते. आज पुसायचं राहिलं.”

“राहिलं म्हणे! चिकू थांबतात का तुझ्यासाठी?” शेठ उसळले.

ताईने विचारलं, “योगिता, ‘मोठ्या पेटीत’?”

चौघींनी माझ्याकडे पाहिलं. योगिताने नाही. “इन डेअर ग्रोसन किस्टं.”

“हे काय बोलली?” शेठ.

“तुमच्या पेटीबद्दलच, काका. आणि अगदी बरोबर.”

ताईने यादीत तिचं नाव खाली पुन्हा लिहिलं. वरच्या नावावरची खोडल्याची रेघ मात्र तशीच राहिली. ताई बराच वेळ त्या रेघेकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिने मला खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं आणि शेठना फोन लावला. “काका, आजपासून वर्ग तुमच्या वाडीत. पेट्या भरता भरता.”

आता माझ्यावर चिकाचे डाग पडतील. पडू देत. पोरींनो, एवढंच करा. मी समोर असताना पेट्यांवर लिहू नका.