भट्टीवरचं अक्षर

मोरोक्कोतल्या फेज शहराच्या एका गल्लीत बतूलच्या बाची भट्टी होती. आळीतल्या बायका थापलेल्या भाकऱ्या फळीवर मांडून तिथे भाजायला पाठवायच्या. दारावरची पाटी धुराने पार काळी पडली होती. नवी छापून आणू, असं बा म्हणत होता, पण बतूल हटून बसली होती.

"मीच लिहिणार."

"लल्ला रुकय्या बरं म्हणाल्या तर तू. नाहीतर छापखाना," बा म्हणाला.

लल्ला रुकय्या, म्हणजे रुकय्याबाई, तिला वळणदार अरबी अक्षरं शिकवायच्या. बतूलने त्यांच्यापुढे कागद ठेवला. त्यावर एकच शब्द होता, फरान; म्हणजे भट्टी. लल्लांनी कागद जवळ धरला, मग लांब धरला.

"ही भट्टी इस्तंबूलची दिसते. बोरू दाखव बघू."

बोरूचं टोक तिरकं कापलेलं होतं. मोबाइलवर एका तुर्की उस्तादाचं बघून बतूलने ते तसं कापलं होतं.

"त्यांना तिरकंच लागतं, आणि लिहितातही सुरेख. आपलं टोक गोल. अगं, ही अक्षरं तिकडे इराकात कूफाहून निघाली तेव्हा काझीसमोर उभी असल्यासारखी ताठ होती. ट्युनिसच्या कैरवानला जरा सैलावली, समुद्रापलीकडे स्पेनच्या अंदलूसमध्ये कंबर वळवायला शिकली, आणि आपल्याकडे येऊन कुसकुस खाऊन लोळली."

बतूलला हसू फुटलं. "सगळीच?"

"पोथीतली सावरून बसतात, ठळक आणि मोकळी. पत्रातली बारीक, दाटीने. दस्तऐवजातली तर अशी पळतात की आमच्या यांना स्वतःचंच लिहिलेलं लागायचं नाही."

बतूलने टोक घासून गोल केलं. सरावाच्या लाकडी पाटीला पांढरी माती फासून ती नेहमीसारखी पुढे केली. लल्ला बोरूच्या मागच्या टोकाने मातीवर कोरडी अक्षरं रेखायच्या आणि मुली त्यांवरून शाई फिरवायच्या. आज मात्र लल्लांनी मांडीवरचा हात उचलला नाही.

"तूच लिही."

"चुकलं तर?"

"धुऊन टाक. माती फुकट आहे."

बतूलने श्वास रोखून लिहायला घेतलं. शेवटचं अक्षर नून, म्हणजे फरानमधला न. त्याचं पोट फुगत फुगत खाली उतरलं आणि पाटी संपली तरी पुरं होईना. तेवढ्यात निकाल ऐकायला बा दारात येऊन उभा राहिला.

"पाटीत मावत नाही की," तो म्हणाला. "छापवाला बरोबर मावेल असं करतो."

"छापवाल्याचं नून उपाशी असतं," लल्ला म्हणाल्या. "भट्टीवर उपाशी अक्षर लावणार तू? हिचं बरं आहे. चांगलंच बरं आहे. तू दारासाठी फळी मोठी आण."

बाने त्या नूनकडे जरा वेळ पाहिलं. मग दोन्ही हात पसरून फळीचं माप घेतलं आणि हात तसेच पसरलेले ठेवून, गल्लीतल्या गाढवांना वाट सोडायला लावत, सुताराकडे निघाला.