तार ओढायचे सहा दिवस

शाहूवाडीच्या डोंगरातली निलगिरी आमची टोळी वर्षानुवर्षं रेड्यांनी ओढून रस्त्यावर आणायची. मजुरी टनावर. उचगावच्या यशराजशेठनं यंदा तारेवरून लाकूड खाली सोडणारी क्रेन आणली आणि "दर तोच, टनावर" म्हणाला, तेव्हा टोळीचे मुकादम, माझे सासरे आकारामआबा, यांनी लगेच मान डोलावली. रेडे जुंपले की त्याच दिवशी लाकूड हलतं, एवढंच आम्हाला ठाऊक. तारेचं तसं नसतं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

पहिली तार वर चढवून बांधायला सहा दिवस गेले. आम्ही आठजण ती खांद्यावर घेऊन चढत होतो. टोळीतल्या धोंडुबाईंचा खांदा सोलून निघाला. मग मात्र लाकडं डोक्यावरून सरसर खाली यायला लागली. बघायला भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. तीन दिवसांत त्या उतारावरचं सगळं लाकूड रस्त्याला लागलं.

शनिवारी मजुरी आली ती त्या लाकडाचीच.

"आन् तार बांधायचे सहा दिवस?" आबांनी विचारलं.

"आबा, त्या सहा दिवसांत लाकूड किती आलं? कायच न्हाय. मग मजुरी कशाची?" शेठ म्हणाला. "आता पलीकडच्या उतारावर तार हलवा बिगीबिगी. क्रेन भाड्याची हाय."

माझं डोकंच फिरलं. "त्या सहा दिवसांचं भाडं दिलंसा का, शेठ?"

"द्यावंच लागतंय की! मशीन काय फुकट मिळतंय व्हय?"

क्रेन नुसती उभी होती, तिला भाडं. आम्ही रक्त आटवलं, आम्हाला ठेंगा. आणि हे सांगताना त्याला जरासुद्धा लाज वाटली नाही! मला तर त्याच्या मिशीला धरून डोंगर चढवावासा वाटला.

आबांनी खांद्यावरचा टॉवेल अंथरला आणि क्रेनच्या सावलीत बसले. मागोमाग टोळी बसली.

"बसलासा काय? तार उतरवा की!"

"उतरवताना लाकूड किती येतंय, शेठ?"

शेठ क्रेनकडं बघायला लागला.

"मग बसू द्या आमास्नी. भाडं चालू द्या तिचं."

दोन दिवस तो रोज येऊन ओरडून गेला. दुसऱ्या टोळीला तार बांधता येत नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो सहा दिवसांची मजुरी घेऊन आला. आबांनी ती वाटायला धोंडुबाईंच्या हातात दिली.

"तार उतरवायचे आन् परत बांधायचे दिवस बी कागदावर लिवा," ते म्हणाले, आणि शेठची सही होईपर्यंत टॉवेलवरून उठले नाहीत.