रुपरावची टाकी

तिसरी काडीही विझली, तेव्हा रुपरावच्या कपाळाला घाम फुटला.

शेगडीतून साधं फुस्ससुद्धा होईना. समोर खुर्च्यांवर कारखान्याचे मालक, त्यांची मंडळी आणि शेजारी मॅनेजर मुकुंदराव. खंडेनवमी होती. सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहून झालं होतं. आता टाकीच्या गॅसवर चहा उकळायचा, आणि तो पिऊन मालक ठरवणार होते, अशीच आणखी मोठी टाकी बांधायची की हीसुद्धा बुजवायची.

कारखाना संत्र्याच्या रसाचा. उरलेला चोथा पूर्वी नाल्यात जायचा आणि नाल्याकाठची माणसं सात पिढ्यांचा उद्धार करायची. रुपराव तो चोथा ओढणारा हमाल. मुकुंदरावांनी खड्डा बांधून वर लोखंडी टोपी बसवली, गोबरगॅसची टाकी केली आणि ती भानगड याच्या गळ्यात मारली. शेण किती, चोथा किती, साल का नको, हे सगळं या पठ्ठ्यानं हातानं कालवून शिकून घेतलं. शिकलेले बघत राहिले. कँटीनची शेगडी त्या गॅसवर पेटू लागली, खालचा गाळ हुडकेश्वरचे शेतकरी नानाजी खत म्हणून बैलबंडी भरभरून नेऊ लागले. एकवीस वर्षं 'अरे ए' म्हणून हाक मारणारे त्याला रुपराव म्हणू लागले. जळणारे जळोत!

गेले चार दिवस तो कुळाचारासाठी गावी गेला होता. टाकीत रोज शेण आणि चोथा घालायचं काम बायकोकडे, प्रयागबाईकडे दिलं होतं. ती इस्पितळात सफाईला होती. आज सकाळी बसमधून उतरून तो तडक इथंच आला होता.

तो टाकीकडे धावला. गॅस भरला की वर उचलली जाणारी टोपी पार तळाला बसली होती. साठलेला गॅस कँटीननं काल संध्याकाळपर्यंत जाळला होता आणि नवा झालाच नव्हता.

"काहून वं, काय टाकलं तू हिच्यात?"

प्रयागबाई नवं लुगडं नेसून उभी होती. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"वास येते का? सांगा ना, येते का?" ती म्हणाली. "एवढी मोठी माणसं येनार, नाकाले रुमाल लावतीन, तुमचं नाव जाईन! म्हनून म्या रोज शेनासंगं दोन शिशा फिनेल ओतलं. आमच्या वार्डात ओततात ना, तसंच. एक किडा जित्ता राह्यत नाही."

रुपरावच्या तोंडचं पाणी पळालं.

"अवं, त्या किड्यायचंच तर काम होतं सारं," तो कसाबसा म्हणाला. "तेच तर गॅस करत होते वं!"

प्रयागबाईला आधी कळेना. मग कळलं, आणि ती मटकन खाली बसली.

"रुपराव, काय झालं?" मुकुंदराव जवळ आले.

"गलती झाली साहेब. मीच फिनेल टाकलं. सनासुदीले टाकी साफ असावी म्हनून."

"तुम्ही? अहो, तुम्हाला माहीत असून?"

"हो जी. अक्कल गेली माही. दोन महिने द्या साहेब, रिकामी करून पुन्हा भरतो."

मुकुंदरावांनी एकदा प्रयागबाईकडे पाहिलं. मालक मात्र खुर्ची सारून उठले होते.

"बुजवून टाका," ते म्हणाले, आणि मंडळी मोटारीकडे निघाली.

दसरा झाल्यावर नानाजींची बंडी आली. रुपरावनं हात जोडले, म्हणाला, "नका नेऊ गा नानाजी, वावर नासन तुमचं." बंडी रिकामीच परतली. मग मुरमाचे ट्रक आले आणि दोन दिवसांत टाकी होती तिथं सपाट जमीन झाली. चोथा पुन्हा नाल्यात जाऊ लागला. रुपराव पुन्हा ढकलगाडी ओढू लागला, पुन्हा 'अरे ए' झाला.

प्रयागबाई दुपारी डबा घेऊन यायची. जेवण झालं की तो तिला फाटकापर्यंत पोचवायचा. सारा कारखाना आता त्या मुरमावरून सरळ फाटकाकडे जायचा. ही दोघं मात्र उन्हातून, कडेकडेनं, वळसा घालून जात.