केशाचा झाला इन्नोकेंती लुकिच

"इन्नोकेंती लुकिच, तो पंखा जरा बंद करता का?"

कानावरच्या यंत्रातून हे वाक्य आलं आणि रिम्मा अर्काद्येव्हनाची पेन्सिल कागदावर उभीच राहिली. वाक्यात वावगं काही नव्हतं. पंखा होता, तो बंद करायचा होता. पण एकोणसाठ दिवस वरच्या त्या डब्यात जो माणूस नुसता 'केशा' होता, लाडाने हाक मारताना 'ए अस्वला' होता, तो साठाव्या दिवशी सकाळी बापाच्या नावासकट इन्नोकेंती लुकिच कसा झाला? आणि वर 'करता का'?

तिने जसं ऐकलं तसं लघुलिपीत टिपलं आणि समासात बारीक टिंब दिलं. टिंब म्हणजे संशय.

नियंत्रण केंद्राच्या मोठ्या दालनात पन्नास माणसं बसत, पण ती सगळी आकडे ऐकत. दाब किती, पाणी किती, वीज किती. अंतराळ स्थानकातली ती दोन माणसं आकड्यांखेरीज जे काही बोलत, ते टिपायचं काम बाजूच्या खोलीतल्या रिम्माचं. स्थानक डोक्यावरून जाई तेव्हा आवाज येई. मग पृथ्वीभोवतीचे कित्येक फेरे असे की काहीच ऐकू येत नसे. त्यांना तिथे 'बहिरे फेरे' म्हणत. रिम्माच्या मते माणसं खरी बोलतात ती बहिऱ्या फेऱ्यांत. ऐकू येणाऱ्या फेऱ्यांत फक्त त्याचा वास येतो.

आणि वास घेण्यात तिचा हात कुणी धरू शकलं नसतं. लोणच्याची बरणी ती उजेडात धरून बघितल्याशिवाय घेत नसे. सामाईक स्वयंपाकघरात शेजारीण हसून बोलली, की ही खोलीत जाऊन साबणाच्या वड्या मोजून येई. 'तू'चं 'तुम्ही' होणं म्हणजे काय, हे तर तिला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. तिच्या नवऱ्याने घटस्फोटाची गोष्ट काढली तीच मुळी "रिम्मा अर्काद्येव्हना, तुम्ही जरा बसा" अशी.

दुपारी उपाहारगृहात तिने शेजारच्या टेबलावरच्या सहकारी तोस्याला आडून विचारलं, "माणूस एकदम मान द्यायला लागला तर काय समजायचं गं?"

"कुणाला, तुला?"

"मला कोण देतंय. सहज विचारलं."

"भांडले म्हणायचे," तोस्या बीटच्या सूपात राईचा पाव बुडवत म्हणाली. "नाव सांगू नकोस, मला कळलं. दोन पुरुष, एक संडास आणि साठ दिवस. मी आणि माझी नणंद तर तीन दिवस नाही टिकत. आणि आमच्याकडे बाहेर पडायला दार तरी आहे."

म्हणजे हिलाही कळलं. रिम्माने सूप अर्धं टाकलं.

चार वाजता ग्लेब सॅमसोनोविच आले. हे अंतराळवीरांच्या मनाचे डॉक्टर. ध्वनिफिती ऐकायला त्यांना वेळ नसे. रिम्माचे टाइप केलेले कागद वाचून ते वरच्यांची मनं तपासत, आणि त्यांनी नाही म्हणून मान हलवली की दल मुदतीआधी खाली येई.

"काय म्हणतायत आपले दोघे?" त्यांनी विचारलं. "वादिम कसा वाटतो? बोलण्यात काही वेगळं?"

वादिम म्हणजे दलप्रमुख. इथे आल्यापासूनच्या सात वर्षांत डॉक्टरांनी कधी एकाचंच नाव घेऊन विचारलं नव्हतं. रिम्माच्या मानेवरचा केस न् केस ताठ झाला. ह्यांनाही वास आलाय तर.

"अजून टाइप व्हायचंय," ती म्हणाली.

डॉक्टर गेल्यावर तिने यंत्रात तीन कागद आणि दोन कार्बन घातले आणि नुसती बसून राहिली. मागच्या खेपेच्या दलाचं बोलणं तिने शब्द न् शब्द टाइप केलं होतं. शिव्यांसकट. डॉक्टरांनी मान हलवली, दल वीस दिवस आधी उतरलं, आणि त्यातला अभियंता आता तळमजल्यावरच्या कोठारात हातमोजे मोजतो. रोज सकाळी भेटतो. "नमस्कार, रिम्मा अर्काद्येव्हना." त्याने शिवी हासडली असती तर तिला दोन घास गोड लागले असते.

केशाचं हे पहिलंच उड्डाण. शहाण्णव दिवसांचं. मध्येच उतरवला की दुसरं मिळायचं नाही.

तिने टाइप केलं: 'केशा, तो पंखा जरा बंद कर ना.'

एकोणीस वर्षांच्या नोकरीतला हा तिचा पहिला खोटा शब्द. दुसरा फारसा जड गेला नाही. आठवड्याभरात तर वादिमच्या तोंडी घालायला तिला 'ए अस्वला'सुद्धा सुचू लागलं.

वर मात्र काही सुधारत नव्हतं. केशाचा म्हातारा बाप लुका हा बैकाल तळ्यावरचा कोळी. त्याची पत्रं केशा सगळ्या केंद्राला ऐकवून दमला होता: मासा कसा, बर्फ किती, आणि शेवटी, तुझ्या त्या डब्याला खिडकी आहे ना, मग वरून जाताना हात करत जा. केशा तळ्यावरून जाणाऱ्या प्रत्येक फेऱ्याला खरोखरच हात करी.

"बाबांचं पत्र आलं का हो?" तो खाली विचारी.

"टपाल अडकलंय. तिकडे वादळ आहे," खालून उत्तर जाई.

एकदा आवाज यायला लागला तो मधूनच. "हे बघ, तळं आलं," केशा सांगत होता. "म्हातारा आत्ता बर्फाला भोक पाडून बसला असेल. नाकाला बर्फ लागलेला, पण हलायचा नाही."

वादिम म्हणाला, "असतील, इन्नोकेंती लुकिच."

रिम्माने टिंब इतक्या जोरात दिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं. मेल्याला दोन गोड शब्द बोलवत नाहीत.

त्र्याऐंशीव्या दिवशी केशाच बोलला. "वादिम, मी काय केलंय? अरे, काय ते सांग तरी."

"काही नाही. कामाला लागू या, इन्नोकेंती लुकिच."

हे तिने टाइपच केलं नाही.

शहाण्णवाव्या दिवशी दोघं ठरल्या जागी बर्फात उतरले. दालनात टाळ्या झाल्या, बाटल्या फुटल्या. ग्लेब सॅमसोनोविच तिच्या कागदांचा गठ्ठा काखेत मारून आले.

"सगळा पुन्हा वाचला," ते म्हणाले. "वादिम काय नट आहे हो. एकदासुद्धा पाय घसरला नाही. केशाला शंका आली नाही."

"कसली शंका?"

"आता सांगायला हरकत नाही. वडील गेले त्याचे. एकोणसाठाव्या दिवशी संध्याकाळी तार आली. केशा झोपलेला होता. आम्ही वादिमला एकट्याला सांगितलं आणि म्हटलं, उतरेपर्यंत पोटात ठेव."

रिम्माने टाइपयंत्रावर झाकण घातलं. मग काढलं. मग पुन्हा घातलं.

तीन आठवड्यांनी केशा स्वतः तिच्या खोलीत आला. जमिनीवर चालायला तो नव्याने शिकला होता. ओल्या फरशीवरून चालावं तशी पावलं टाकत होता. रिम्माने त्याला आजवर फक्त ऐकलं होतं.

"साठाव्या दिवसापासूनचे कागद बघायला मिळतील?" त्याने विचारलं. "डॉक्टरांची परवानगी आहे."

तिने गठ्ठा दिला. तो उभ्यानेच चाळू लागला.

"मला वाटायचं, वादिम माझ्यावर रुसलाय," चाळता चाळता तो म्हणाला. "मग मीही फुगलो. शेवटचे दोन आठवडे धड बोललो नाही त्याच्याशी. परवा त्याला विचारलं, तर म्हणाला, तुझ्या बापाची बातमी पोटात ठेवून 'ए केशा' म्हणायला जीभ वळेना. म्हटलं, निदान म्हाताऱ्याचं नाव तरी रोज घ्यावं. लुकिच म्हणजे लुकाचाच ना." त्याने आणखी चार पानं उलटली. "पण इथे तर केशाच आहे. सगळीकडे."

रिम्माने टेबलावरच्या पेन्सिली एका ओळीत लावल्या.

"ध्वनिफिती असतील ना?"

"पंधरा दिवसांनी पुसून परत वापरतात."

"मग मलाच भास झाला म्हणायचा," तो म्हणाला आणि गठ्ठा टेबलावर व्यवस्थित ठेवला.

ती उठली, दार लावलं आणि कपाटातून लघुलिपीची वही काढली.

"भास नाही. मी बदललं."

"का?"

"मला वाटलं, भांडताय. म्हटलं, तुम्हाला खाली आणतील."

केशा तिच्याकडे बघत राहिला. आता शिवी येईल म्हणून ती थांबली होती. त्याने वही उघडली, त्या आकड्या-वेलांट्यांवरून बोट फिरवलं, आणि वही तिच्याकडे वळवली.

"मला वाचता येत नाही हे. तुम्ही वाचा."

ती वाचू लागली, बाजाराची यादी वाचावी तसं, सपाट. पंखा. पाण्याची टाकी. कांदा संपला, इन्नोकेंती लुकिच. झोपा आता, इन्नोकेंती लुकिच. तळ्याचं पान आलं तेव्हा तिने वर पाहिलं नाही. "असतील, इन्नोकेंती लुकिच." केशाचा हात टेबलावरून चार बोटं वर उचलला गेला आणि पुन्हा खाली आला.

एकसष्ट वेळा नाव आलं होतं.

"एक प्रत मिळेल का?" त्याने विचारलं.

"एक निघत नाही. नियमाने तीन निघतात. त्यातली एक डॉक्टरांकडे जाते."

तो समजला. "मग राहू द्या, रिम्मा अर्काद्येव्हना."

"राहू द्या कशाला," ती म्हणाली. "बसा. पाय दुखतील."

तिने यंत्रात तीन कागद आणि दोन कार्बन घातले, वर 'दिवस साठावा' असं टाइप केलं, आणि पंख्याच्या वाक्यापाशी येऊन रबर शोधलं. वहीच्या समासातलं टिंब तिने पुसलं. मग नाव टाइप केलं, पूर्ण, एकेक अक्षर सावकाश, तिसऱ्या प्रतीवरही ठळक उमटेल असं.