बटणच्या कपाळावरचा निळा खडू

आमचा कुत्रा बटण खाजवायला बसला की घराची जमीन हलायची. थापा मारत नाही. त्याच्या मागच्या पायाच्या ठेक्यावर मी शिलाई मशीन चालवून चार पँटी शिवल्यात, आणि एकीचीही शिवण वाकडी गेली नाही.

पण पोटाखालचे केस गेले, कान लालभडक झाले, तेव्हा माझी थट्टा आटली. मलमं झाली, साबण झाले. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्यांनी कातडी बघितली, पिसवा शोधल्या आणि विचारलं, "शी कशी होते?"

"पातळच. आणि वारा असा सोडतो की गिऱ्हाईक माप अर्धवट टाकून पळतं."

"मग दुखणं आत असेल. काही कुत्र्यांना एखादं अन्न पोटाला सोसत नाही आणि ते कातडीवर फुटतं. आठ आठवडे फक्त मासा आणि रताळं. दुसरा एक कण पोटात गेला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि आजोबा, आणखी चिघळलं तर जन्मभर औषधांवर ठेवावा लागेल."

घरात दुसरं काही सांडायलाच नको म्हणून मीही मासा आणि रताळ्यावर आलो. बायको म्हणाली, "मग मी काय वेगळं खाऊ?" चाळीस वर्षांच्या संसारात तिचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

सहा आठवडे झाले. रताळं बघितलं की मी तोंड फिरवायचो. बटण मात्र खाजवतच होता.

कोणीतरी चारत होतं. माझा संशय थेट शेजारच्या बेकरीवाल्यावर. तो माझा लहानपणापासूनचा दोस्त, पण लोण्याची बिस्किटं त्याच्याचकडे मिळतात.

"तूच चारतोस ना रे त्याला?"

बेकरीवाला खाली मान घालून कणीक मळत राहिला. "मी नाही."

"मग वर बघून सांग!"

त्यानं वर बघितलंच नाही. "आजपासून तुझं तोंड बघणार नाही," असं म्हणून मी निघून आलो.

आता पुरावा हवा होता. शिंप्याकडे पुराव्याला काय तोटा? दुसऱ्या दिवशी कापडावर खुणा करायचा निळा खडू किसला आणि बटणच्या कपाळावर, हनुवटीखाली चोळला. कुत्र्याला चारणारा माणूस त्याला कुरवाळल्याशिवाय राहत नाही. मग मी दुकानात बसून लोकांचे हात बघत राहिलो. पोस्टमन कोरा. इस्त्रीवाली कोरी. बेकरीवाल्याचे हात लांबूनच दिसले, पिठानं पांढरेफेक.

चार वाजता बायको चहा घेऊन आली. कपाच्या कानावर निळी बोटं उमटली होती.

मी कपाकडे बघितलं. तिनं स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"एकच देत होते हो," ती म्हणाली. "रोज एक."

"आणि तू? तू काय खात होतीस?"

"...दोन."

म्हणजे सहा आठवडे या घरात निव्वळ मासा-रताळ्यावर मी एकटाच होतो!

"अगं, त्याची कातडी सोलून निघालीय. तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. पण दिवसभर तो तुमच्याच मशीनखाली. बिस्कीट असलं की तेवढा वेळ माझ्याजवळ बसायचा." तिनं पदरानं बोटं पुसली. पदरही निळा झाला.

मी तडक बेकरीत गेलो, माफी मागायला. तो म्हणाला, "वहिनी रोज तीन बिस्किटं न्यायच्या. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

"आणि तू माझ्या शिव्या खाल्ल्यास?"

"खाल्ल्या की. तुझ्या रताळ्यापेक्षा बऱ्या होत्या."

मला हसू आलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. बटणलासुद्धा! आणि तो रोज तोंड पुसून माझ्या पायाशी येऊन झोपायचा.

मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. या वेळी वाटी तिनं भरायची, तिनंच ठेवायची, आणि तो खाईपर्यंत तिनंच जवळ बसायचं, असं ठरलं. बटण आता जेवण झालं तरी तिथून उठत नाही. आठव्या आठवड्यात कानांची लाली उतरली, शी घट्ट झाली. केस तर असे आले की विंचरून निघालेल्यांची मी एक उशी भरली.

चहा अजून तीच आणते. हातात घेण्याआधी मी कपाचा कान बघतो.

"बघा, बघा," ती म्हणते. "नीट बघून घ्या."

आणि मी नीट बघून घेतो.