समासातली ओळ

म्हातारे लान्फ्रांको गुरुजी चाकू घेऊनच बोलोन्यातल्या झोएनेच्या दुकानात शिरले. धर्मकायद्याच्या मूळ ग्रंथाचे सुटे भाग तो नकलेसाठी भाड्याने देई. त्यातल्या एकाच्या समासात गुरुजींनी पूर्वी सहज टिपलं होतं, ‘पुन्हा पाखंड केलेल्याला क्षमा नको.’ आज त्यांचाच शिष्य उबाल्दो त्याच आरोपावरून बिशपांपुढे उभा होता; क्षमा नाकारली तर त्याला चौकात जिवंत जाळणार होते.

"झोएने, ती ओळ खरवडायचीय."

"खरवडा की! पण गुरुजी, भाष्यच समजून सगळ्यांनी उतरवलीय ती. बिशपांचा कारकूनसुद्धा काल नक्कल घेऊन गेला. हवं ते मिळालं म्हणून भलताच खूश होता."

गुरुजींनी तरीही चर्मपत्रावर चाकू चालवला. बाहेर चौकात कुणीतरी गाडीतून लाकडं उतरवत होतं.