नक्षीची कर्दळ

दुपारची जेवणं आटोपली की बनूबाई मागच्या पडवीत पाट टाकून बसायची आणि तिथून पुढचा तासभर ती या जगात नसायची. झोपायची म्हणावं तर डोळे उघडे असायचे. समोर मोरीच्या पाण्यावर पोसलेली कर्दळ, आणि तिच्या पानांतून गाळून आलेला हिरवट उजेड बनूबाईच्या अंगावर हलत असायचा. पलीकडे कंपनीचा भोंगा होई, पाळीची माणसं भरून रिक्षा घरघरत जात, पण तिला त्याचं काही नसे. तिच्यासमोर तेव्हा आईचं शेत असे. बांधावर कर्दळीची रांग असे आणि त्या रांगेतून आई हळूहळू फिरत असे. बस, एवढंच. यात गोष्ट अशी काहीच नव्हती, तरी रोज बघायला तिला कंटाळा यायचा नाही.

शेत कधीचंच एमआयडीसीत गेलं होतं. आता तिथे कुठल्या कारखान्याची भिंत आहे, हे बनूबाईचा नवरा हिरामण बोट दाखवून सांगू शकला असता, कारण त्याच रस्त्यावरच्या कंपनीत त्याने तीस वर्षं पाळ्या केल्या होत्या. बनूबाईने मात्र त्याला कधी विचारलं नाही. शेत सोडायच्या आदल्या दिवशी आईने बांधावरची कर्दळ उपटली, गड्डा मधोमध फोडला आणि दोन पोरींना अर्धा अर्धा दिला. पिवळं फूल, त्यावर लाल ठिपके. पुढे लग्नं झाली तेव्हा थोरल्या बनूचा वाटा तिच्यासोबत मोरिवलीत आला आणि धाकट्या काशीचा बदलापूर गावात, नदीकडच्या आळीत गेला.

सात-आठ वर्षांपूर्वी बनूबाईच्या कर्दळीवर नक्षी उमटली. पानांवर शिरेशिरेने पिवळ्या रेघा, कुणी हळदीचं बोट ओढावं तशा. फुलांवर ठिपक्यांच्या जागी लाल फराटे. आळीतल्या बायका बघायला यायला लागल्या, मोबाइलवर फोटो काढायला लागल्या. बनूबाई अशी फुगली की हिरामण म्हणायचा, "आता दारावर तिकीट लाव." जो मागेल त्याला ती कंद द्यायची. देताना मुद्दाम सगळ्यात जास्त रेघांचं झाड हेरायची आणि घरातल्या एकुलत्या एका कोयत्याने सपासप फोडायची. फूल पूर्वीपेक्षा लहान झालंय, डोक्यावरून जाणारे दांडे आता छातीपर्यंतच येतायत, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पण चारचौघी कौतुक करत असताना असल्या गोष्टी मनावर कोण घेतं?

गेल्या श्रावणात घरी पूजा होती, तेव्हा काशी आली होती. निघताना बनूबाईने तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण आणि वर एक चांगला जाडजूड कंद. तिथवर सगळं ठीक होतं. पण तोंड गप्प बसेल तर ती बनूबाई कसली! दहा बायकांदेखत ती म्हणाली, "आता तरी नक्षीची लाव गो काशे. किती वरसं ती साधीच फुलवशील?" बायका हसल्या. काशी हसली नाही. पदर सावरून गेली ती परत मोरिवलीकडे फिरकली नाही. दिवाळीत फोनवर दोन शब्द झाले, तेही बँकेत बोलावेत तसे.

यंदा भादव्यात कर्दळीला अळी लागली. कोवळी पानं उलगडेचनात, शिवल्यासारखी सुरळी होऊन राहिली. जी उलगडली त्यांच्यावर ओळीने भोकं. बनूबाईने शेजारच्या विक्रांतच्या नव्या नवरीला हाक मारली. तिचं नाव उन्नती. लग्नाआधी ती बदलापूरला एका नर्सरीत कामाला होती.

उन्नतीने एक सुरळी हलकेच उलगडली. आत बोटभर अळी, इतकी पातळ कातडीची की तिने खाल्लेलं हिरवं पान पोटात दिसत होतं. "ही काय मोठी गोष्ट नाय, काकी. सुरळ्या उघडून अळ्या चिरडायच्या, वाळकी पानं काढून टाकायची, वरून कडुनिंबाचं तेल मारायचं. टेन्शन नका घेऊ."

असं म्हणता म्हणता ती थांबली. एका पिवळ्या रेघेवरून तिने बोट फिरवलं, दुसऱ्या पानावर बघितलं, तिसऱ्यावर.

"हे कधीपासून आहे?"

"नक्षी? झाली की सात-आठ वरसं," बनूबाई कौतुकाने म्हणाली. "असली कुठंच नाय बग."

"काकी, नक्षी नाय ही. व्हायरस आहे. आमच्या नर्सरीत एक लॉट आला होता असा, सगळा जाळायला लागला." उन्नतीचा आवाज खाली आला. "अळी मरते. हे जात नाय. कंदातच असतं. मावा पसरवतो, पिठ्या ढेकूण पसरवतो, आणि कापताना कोयत्याला चीक लागतो ना, त्याने पण पसरतं. तुम्ही कुणाला कंद नाय ना दिले?"

बनूबाईने तिला चहासुद्धा विचारला नाही. "तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव," म्हणाली आणि आत निघून गेली. दोन दिवस शेजारच्या दाराकडे बघितलं नाही. हिरामणने विषय काढला तर त्यालाही गप्प केलं.

तिसऱ्या दुपारी ती पाटावर बसली. उजेड नेहमीसारखाच हलत होता. शेत आलं, बांध आला, आई रांगेतून फिरत आली. फक्त आज आईच्या हातात कोयता होता. ती प्रत्येक झाडाला एकेक घाव घालत पुढे जात होती, आणि तिच्या मागे रांग पिवळी पडत होती. रांगेच्या टोकाला काशी उभी होती, परकर नेसलेली, दोन्ही हात पुढे केलेली.

बनूबाई ताडकन उठली. आळीतल्या घरांचं बघता येईल, त्यांनी हौसेपोटी नेले होते. पण काशीने तो कंद आईच्या कर्दळीशेजारी लावला असेल, तर आईचं या जगात काहीच उरणार नव्हतं. आणि ते संपवणारी दुसरी कुणी नाही, ती स्वतःच.

तिने आधी उन्नतीच्या दारात जाऊन कान पकडले. मग दुसऱ्या दिवशी सकाळपासून हिरामणला घेऊन सगळी कर्दळ उपटली. मुळांचे तुकडे राहू नयेत म्हणून हिरामणने गुडघाभर खणलं. तेवढी एक सकाळ त्याने एकही टोमणा मारला नाही. गड्डे उन्हात पसरले, वाळले की जाळायचे होते. बनूबाई आळीतल्या घराघरात जाऊन सांगून आली. कुणी मुकाट्याने उपटली, कुणी चिडलं, एकीने तर "तुमचीच हौस" म्हणून तोंडावर ऐकवलं. बनूबाईने ऐकून घेतलं. मग साबणाने तीनदा हात धुतले, लुगडं बदललं आणि बदलापूरची रिक्षा धरली.

फोन करता आला असता. पण फोनवर विचारायचं काय? 'कंद लावलास का' म्हटलं असतं तर काशीला वाटलं असतं, ही पुन्हा टोचायला लागली. आणि तिने 'हो, लावला' म्हटलं असतं, तर ते कानात घेऊन घरी बसणं बनूबाईच्याने झालं नसतं.

रिक्षात ती कडेला बसली होती. ऊन पिवळं पडलं होतं आणि दुतर्फा सगळंच तरंगत चालल्यासारखं दिसत होतं. दुकानं, पत्रे, नव्या बिल्डिंगा. दुभाजकात कर्दळ लावलेली होती, तांबडी, धुळीने माखलेली. बनूबाई वाकून वाकून प्रत्येक पानावर रेघ शोधत होती. एकदा तर तिला वाटलं, रस्त्याच्या कडेने आई चालते आहे आणि रिक्षा तिच्या पुढे जातच नाही. "मावशी, आत बसा, पडाल," रिक्षावाला ओरडला, तेव्हा ती भानावर आली.

काशी दारातच तांदूळ निवडत होती. बहिणीला बघून तिचा हात सुपातच थांबला. बनूबाईने 'बरी हायस का'सुद्धा विचारलं नाही. घरातून सरळ मागच्या दारी गेली आणि ओट्याच्या कडेला थबकली.

कर्दळ पुरुषभर उंच झाली होती. पानं रुंद, गच्च हिरवी, एकावरही रेघ नाही. आणि फुलं! तळहाताएवढी, पिवळीधमक, लाल ठिपके मोजून घ्यावेत असे. आईची कर्दळ एवढी मोठी फुलायची, हे बनूबाई साफ विसरून गेली होती. आपण सात-आठ वर्षं एका आजाऱ्याचं कौतुक करत बसलो, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि ती ओट्यावर बसली.

"काशे, मी दिलेला कंद कुठं लावलास?"

काशीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "तो... हाय की. तिकडं, पलीकडच्या अंगाला."

बनूबाईने मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. अळी, उन्नती, कोयता, उपटलेले गड्डे. "ती नक्षी नव्हती गो. रोग होता. तुझी साधी नाय, तुझीच खरी. मी आईची कर्दळ मारली आन् तुझ्या ओटीत पण रोगच घातला. आता तुझी पण जाईल."

काशी तिच्या शेजारी येऊन बसली.

"लावला नाय मी."

"काय?"

"खोटं बोलले. घरात पाय ठेवला आन् पाणी तापवायच्या चुलीत घातला. राग आला होता तुझा. दहाजणींत हसं केलंस माझं." काशीने पदर तोंडाला लावला. "ओटीतला कंद जाळला, बाय. मग यांचा पाय मोडला, तवा वाटलं, त्याचंच फळ. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून आले नाय."

"जाळलास? पुरा? माझी शपथ घे."

"तुझी शपथ. राख झाली त्याची."

बनूबाई हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते काही केल्या थांबेना. लहानपणापासून काशीच्या ज्या रागाला ती नावं ठेवत आली, त्या रागाने आज आईची कर्दळ वाचवली होती. तिला काशीला मिठी मारावीशी वाटली, पण तिने हात मांडीखाली दाबून धरले.

काशीला आता दम धरवेना. ती उठली, खुरपं घेऊन वाफ्यात शिरली आणि कडेचा एक फुटवा कंदासकट काढून घेऊन आली. सुपात तांदूळ घेतले, त्यावर नारळ, त्यावर तो ओल्या मातीचा कंद. कुंकू लावलं. "पदर कर पुढं."

बनूबाईने त्या कंदाकडे बघितलं. गुलाबीसर टोकं फुटली होती त्याला. इतकं हवंसं तिला आयुष्यात काही वाटलं नव्हतं. तिने पदर दोन्ही मुठींत गच्च आवळला आणि ओट्यावर मागे सरकली.

"नको."

"ओटी नको म्हणतंस? बहिणीची?"

"नको. माझ्या मातीत अजून मुळं असतील. सकाळी याच हातांनी सगळं उपटलंय, तीनदा धुतले तरी मना भरवसा नाय. तू परत लाव तो. मी हात नाय लावणार." ती आणखी मागे सरकली. "माझ्याकडं मरंल गो. हितं जगू दे."

काशी सूप घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने नारळ आणि तांदूळ बहिणीच्या पदरात घातले, कंद उचलला आणि वाफ्यात जाऊन त्याच खड्ड्यापाशी उकिडवी बसली. उन्हं कलली होती. पिवळी फुलं तिच्या डोक्यावरून पुढे झुकली होती आणि त्यांच्यातून येणारा उजेड तिच्या पाठीवर हलत होता. ओट्यावरून बघणाऱ्या बनूबाईला क्षणभर कळेना, ही काशी आहे की आई.

"जरा खोल घाल," ती म्हणाली.

"मना शिकवू नको," काशी खेकसली.

वर्षभरात पहिल्यांदा बहीण तिच्यावर खेकसली होती. बनूबाईला इतकं बरं वाटलं की तिने लगेच आणखी एक चूक काढली.